रंग लागला, पण बसला का?

साशंक : घरच्या प्रिंटरमधून कापड निघतं आणि त्यावर चित्र उमटतं, याबद्दल माझा वाद नाही. कागद जिथून जातो तिथून पातळ कापडही जाईल. माझी शंका त्याच्या पुढची आहे. कागदाला आपण पाण्यापासून जपतो; कापड आपण पाण्यातच घालतो. ते घामाने भिजतं, साबणात बुडतं, पिळलं जातं, उन्हात वाळतं, आणि हे सगळं वर्षानुवर्षं सोसलं तरच आपण त्याला चांगलं कापड म्हणतो. म्हणून तर आपल्या घरातल्या बायका दुकानात भाव विचारण्याआधी ‘रंग पक्का आहे ना?’ असं विचारत आल्या. प्रिंटरच्या शाईला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, कारण ती कागदासाठी बनवलेली आहे. पुष्कळ घरगुती प्रिंटरांत रंग पाण्यात विरघळवलेला असतो. पाण्याबरोबर आलेला रंग पाण्याबरोबरच जायचा. मी वीस वर्षं प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्या-छापण्याच्या कारखान्यात, काढली. पहिल्या धुण्यात जे बादलीत उतरतं, त्याला छपाई म्हणायला माझं मन धजत नाही.

हौशी : तुमची कसोटी मला मान्य आहे, पण सगळ्या शाया एका मापाने मोजू नका. तुम्ही म्हणता ती डाय शाई : पाण्यात साखर विरघळावी तसा तिच्यात रंग विरघळलेला असतो. दुसरी पिगमेंट शाई. पाण्यात गेरू कालवावा तसे तिच्यात रंगाचे अतिशय बारीक कण तरंगत असतात. ते विरघळत नाहीत. पाणी उडून गेलं की धाग्याला धरून राहतात. काही शायांमध्ये तर त्या कणांवर राळेचं पातळ आवरणही असतं. कित्येक प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची आणि बाकीचे तीन रंग डायचे असतात. अशा प्रिंटरवर छापलेलं कापड धुतलं की अक्षरं राहतात आणि फुलं वाहून जातात. मग लोक म्हणतात, कापडावर छापणं फसवं आहे. कापड फसवत नाही, आपण बाटलीवरचं वाचत नाही.

आणि मी काय छापते तेही सांगते. आजीच्या हातची गोड्या मसाल्याची यादी आमच्या घरात आहे. वहीचं फाडलेलं पान, चार घड्या पडलेलं. धने, तीळ, खोबरं, नागकेसर, तमालपत्र आणि शेवटी ‘दगडफूल मूठभर’. कोपऱ्यात तेलाचा पिवळट डाग. पान आता घडीवर फाटू लागलं आहे. मी ते स्कॅन केलं. कॅम्ब्रिकचा तुकडा गरम पाण्यात धुऊन आधी त्याची खळ काढली, कारण खळ राहिली तर शाई वरच्या वर बसते, धाग्यापर्यंत पोचत नाही. तुकडा वाळवला, इस्त्री केली, ए-फोर आकाराच्या स्टिकर कागदावर एकही सुरकुती न पडू देता चिकटवला आणि कडेच्या दशा कात्रीने साफ कापल्या; एक सुटा धागा शाई सोडणाऱ्या हेडला अडकला की प्रिंटर बसलाच म्हणून समजा. मग मागच्या ट्रेमधून सोडला. समोरच्या ट्रेमधून जाणाऱ्या कागदाला आत पूर्ण वळसा घ्यावा लागतो, आणि चिकटवलेलं कापड नेमकं त्या वळणावर सुटतं. एका हाताचं बोट मी रद्द करायच्या बटणावर ठेवलं होतं. आधी धने आले, मग तीळ. शेवटी ‘दगडफूल’ बाहेर आलं, आणि कोपऱ्यातला तेलाचा डागही आला. माझ्या मुलीने तो पुसायला बोट फिरवलं. त्या क्षणी मला हे काम पटलं.

साशंक : ते ऐकून मलाही बरं वाटलं. तरी माझी अडचण आहे तिथेच आहे, आणि ती शाईच्या जातीपुरती नाही. प्रिंटरमुळे आपल्याला असं वाटायला लागतं की छपाई म्हणजे ठसा उमटणं. कापडाच्या धंद्यात ठसा हे सगळ्यात थोडा वेळ घेणारं काम आहे. कच्छमधलं अजरखचं काम बघा. कापड आधी धुतात, मुरवतात, मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात. त्यानंतर ठसे. आणि गंमत अशी की जिथे लाल हवा तिथे लाल छापतच नाहीत. तिथे तुरटीची खळ छापतात. काळा हवा तिथे लोखंडाचा गंज गुळाच्या पाण्यात कितीतरी दिवस आंबवून केलेलं पाणी छापतात. लाल दिसतो तो पुढे, मंजिष्ठेच्या उकळत्या पाण्यात कापड शिजतं तेव्हा. तुरटी पडली असेल तिथेच तो धरतो. बाकीचा धुऊन निघतो. म्हणजे कारागीर ठशाने रंग देत नाही, रंगाला बसायची जागा देतो.

ही विद्या आजची नाही. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेल्या सुती कापडाच्या तुकड्यावर मंजिष्ठेचा रंग ओळखला गेला आहे. आणि पाण्याचं महत्त्व एवढं, की २००१च्या भूकंपानंतर धमडका गावच्या पाण्यातलं लोहाचं प्रमाण वाढलं, तेव्हा तिथल्या खत्री कारागिरांपैकी बऱ्याच कुटुंबांनी चांगल्या पाण्याच्या शोधात दुसरं गाव वसवलं. तेच अजरखपूर. पाणी बिघडलं म्हणून ज्यांनी गाव सोडलं, त्यांच्या कामाला आपण छपाई म्हणतो. त्याच शब्दात तुमच्या मागच्या ट्रेचं काम कसं बसवायचं?

हौशी : तुम्ही सांगितलेलंच मी पुढे नेते. ठशाच्या आधी काय केलं आणि नंतर काय केलं, यावर रंग ठरतो, बरोबर? मग मिलमधला आजचा डिजिटल प्रिंटर घ्या. त्याच्याही हेडला केसाहून बारीक छिद्रं असतात, त्यांतून संगणकाच्या हुकुमाने थेंब पडतात, आणि बहुतेक मोठ्या यंत्रांत थेंब ढकलायला विजेने हलकेच वाकणारा स्फटिक असतो. अगदी तसाच स्फटिक काही घरगुती प्रिंटरांतही असतो. म्हणजे ठसा उमटवण्याची रीत दोन्हीकडे एकच. फरक आधीचा आणि नंतरचा. तेव्हा घरच्या माणसाने शिकायचं ते आधीचं आणि नंतरचं.

डाय शाई असली तरी हात टेकायचं कारण नाही. या बहुतेक शायांतल्या रंगाच्या रेणूंवर ऋण भार असतो. कापडाला आधी धन भाराचा लेप दिला तर रंग त्याला धरून राहतो. अमेरिकेत क्विल्ट करणाऱ्या बायका यासाठी बबल जेट सेट नावाचं तयार द्रावण वापरतात. त्यात कापड भिजवून वाळवायचं आणि मग छापायचं. कागदाला चिकटवलेले, लेप दिलेले सुती तावही तिकडे मिळतात. आपल्याकडे कुणी तुरटी आणि धुण्याचा सोडा यांच्या पाण्यात कापड भिजवून बघतं. तुरटीतलं ॲल्युमिनियम तेच काम थोड्या प्रमाणात करतं जे अजरखच्या ठशाखाली करतं. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला. स्वयंपाकघरातल्या तुरटीचा खडा हातात घेऊन मी तुमच्या त्या जुन्या विद्येच्या पहिल्या पायरीवर उभी होते. छापल्यावर कापड एक दिवस तसंच ठेवायचं, मग वाफ न सोडता गरम इस्त्री, मग थंड पाण्यात, सौम्य साबणात, एकटंच, न पिळता धुणं. पहिल्या पाण्यात जादाचा रंग निघतो. त्याला घाबरायचं नाही. अजरखही धुतल्याशिवाय पुरी होत नाही.

साशंक : तुरटीचा धागा तुम्ही नेमका पकडलात. पण इथे मला तोलून बोललं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याची फसगत होईल. छिद्र सारखं असलं तरी छिद्रातून जाणारी वस्तू सारखी नाही. १९५६ मध्ये आयसीआय कंपनीने प्रोसियन या नावाने रिॲक्टिव्ह रंग बाजारात आणले. ते सुताला चिकटून बसत नाहीत. सुताच्या रेणूशी त्यांचा रासायनिक बंध होतो. रंग धाग्यावर राहत नाही, धाग्याचाच भाग होतो. मिलमध्ये सुती कापडावर डिजिटल छपाई करताना त्याच जातीच्या शाया वापरतात. कापडाला आधी सोडा, युरिया आणि समुद्री शेवाळापासून केलेल्या अल्जिनेटचा लेप. छापल्यावर शंभर अंशांहून थोड्या जास्त तापमानाच्या वाफेत काही मिनिटं. मग धुण्यामागून धुणं, जोवर न जुळलेला रंग पूर्ण निघत नाही तोवर. तुमच्या प्रिंटरची शाई त्या जातीची नाही. तिला वाफेत ठेवून काही जुळणार नाही, कारण जुळायचा हातच तिला नाही. तुरटी तिला धरून ठेवते, जोडत नाही. हा फरक दहाव्या धुण्याला कळतो.

दुसऱ्या वाटांबद्दलही लोकांचे गैरसमज आहेत. ट्रान्सफर पेपरवर उलटं छापून इस्त्रीने टीशर्टवर दाबतात. तिथे रंग कापडात जातच नाही. प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा कापडावर बसतो, आणि काही महिन्यांनी त्याला भेगा पडतात. सब्लिमेशनची शाई घातलेला प्रिंटर उत्तम काम करतो, पण तो रंग १८० ते २०० अंशांच्या आसपास वायू होऊन पॉलिएस्टरमध्ये शिरतो. शुद्ध सुताला तो धरत नाही. शाई तापवून थेंब उडवणाऱ्या प्रिंटरला ती शाई चालतही नाही. आणि लेझर प्रिंटरमध्ये प्लॅस्टिकचा लेप असलेल्या कागदावर चिकटवलेलं कापड कुणी घालू नये. आतला तापलेला रूळ तो लेप वितळवतो आणि यंत्र जातं. सोय म्हणून सांगितलेल्या गोष्टींमध्ये या अटी लहान अक्षरात राहतात. माझी तक्रार त्या लहान अक्षरांबद्दल आहे.

हौशी : त्या अटी मोठ्या अक्षरात लिहाव्यात, हे मीही म्हणते. अजून एक अट मीच घालते : घरच्या प्रिंटरला पांढरा रंग नसतो. पांढरं म्हणजे खालचं कोरं कापड. म्हणून निळ्या कापडावर पिवळं फूल छापायला गेलात तर ते हिरवट निघणार. पण तुम्ही सगळा हिशेब टिकाऊपणाचा मांडता, आणि त्यात एक गोष्ट सुटते. एकाच माणसासाठी, एकाच प्रतीत कापड छापून घेण्याची सोय सामान्य माणसाला कधी होती? ठसा कोरायचा तर कारागिराचे दिवस जातात. तो एका तुकड्यासाठी कोण कोरेल? स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते. मिल तर शेकडो मीटरच्या खाली बोलत नाही. आपण पिढ्यानपिढ्या फक्त निवड करत आलो. दुकानदार गठ्ठे उलगडत गेला आणि आपण बोट ठेवलं.

नॉर्थ कॅरोलायनात २००८ मध्ये स्पूनफ्लॉवर नावाची कंपनी सुरू झाली. तिच्या एका संस्थापकाच्या पत्नीला पडद्यांसाठी मोठमोठ्या पिवळ्या ठिपक्यांचं कापड हवं होतं. एवढी साधी इच्छा, पण बाजारात ती भागेना. त्यातून लोकांच्या स्वतःच्या नक्षीचं कापड थोडंथोडं छापून देणारा मोठा उद्योग उभा राहिला. आणि इतिहासातही बघा, छापील कापडाची ओढ लोकांना केवढी! फ्रान्सने १६८६ मध्ये छापील सुती कापडावर बंदी घातली, ती १७५९पर्यंत चालली. इंग्लंडने १७२१ मध्ये तसाच कायदा केला. आपल्या चिटांची, म्हणजे छापील आणि रंगवलेल्या सुती कापडाची, मागणी एवढी होती की तिकडचे लोकर आणि रेशमाचे विणकर हादरले. बंदी असूनही लोक ते कापड वापरत राहिले. अंगावरच्या, घरातल्या कापडावर आपल्याला हवं ते चित्र असावं, ही माणसाची फार जुनी इच्छा आहे. घरचा प्रिंटर ती इच्छा एका टेबलावर आणतो.

साशंक : तुमची दोन्ही उदाहरणं माझ्या बाजूने साक्ष देतात. ते पिवळ्या ठिपक्यांचं कापड कागदाच्या प्रिंटरवर निघालं नाही. कापडासाठी बनवलेल्या रुंद यंत्रावर, कापडाच्या शाईने निघालं. कारण पडद्याला पन्हा लागतो. ए-फोर म्हणजे २१ सेंटिमीटर रुंद, सुमारे ३० सेंटिमीटर लांब. त्यावर नक्षीची एक बुट्टी मावेल, पण कापडाची नक्षी म्हणजे बुट्टी नव्हे. कापडाची नक्षी म्हणजे एका बुट्टीनंतर दुसरी कुठे येते, जोड कसा लपतो, दहा वाव पुढे गेलं तरी नजर कशी अडखळत नाही. ठसेवाला डाव्या हाताच्या बोटाने कडा चाचपून पुढचा ठसा ठेवतो, ती विद्या पानाच्या आकारात सापडत नाही.

आणि युरोपात आपल्या चिटांचं वेड लागलं ते का? नुसती फुलं सुंदर होती म्हणून नाही. फुलं तिकडचे लोकही रंगवू शकत होते. आपलं कापड धुतलं तरी फूल ताजं राहायचं, हे त्यांना जमत नव्हतं. ज्या गुणासाठी त्या कापडावर बंदी आणावी लागली, तोच गुण तुमच्या घरच्या छपाईत नाही.

तिसरं सांगतो ते मनाला जास्त लागतं. आज लोक अजरखचा फोटो उतरवून घेतात, वारलीची चित्रं उतरवून घेतात आणि कापडावर छापून ‘हँडमेड’ म्हणून विकतात. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, सांगानेरच्या छपाईला आहे. तरी ज्यांचा हात त्यात आहे त्यांना या नकलांतून काही मिळत नाही. घेणाऱ्यालाही वाटतं, अजरख म्हणजे एवढंच : लाल, निळं आणि भौमितिक. त्याची नजरच मग उथळ होते. चार धुण्यांनंतर रंग गेला की तो म्हणतो, अजरखचा रंग जातो!

हौशी : या शेवटच्या गोष्टीवर मी वाद घालणार नाही. दुसऱ्याच्या हाताचं छापून स्वतःचं म्हणणं ही चोरी आहे, प्रिंटर घरचा असला म्हणून ती लहान होत नाही. मी स्वतःसाठी एक नियम केला आहे. जे फक्त माझ्या घरातून येऊ शकतं तेच छापायचं : आजीचं अक्षर, मुलीने चौथीत काढलेला कोंबडा, अंगणातल्या पिंपळाचं स्कॅनरवर ठेवलेलं पान. अजरख हवी तर अजरखपूरची विकत घ्यावी.

पन्ह्याचंही खरं आहे. म्हणून मी साडी किंवा पडदा छापायला जात नाही. मी गोधडीचे चौकोन छापते, पिशवीवरचा खिसा छापते, दुपट्याच्या कोपऱ्यातलं नाव छापते. पण तुमच्या धुण्याच्या कसोटीला माझ्याकडे एक उलटं उत्तर आहे, ते ऐका. आपल्या आया कशिद्याची नक्षी कापडावर कशी उतरवायच्या? ट्रेसिंग पेपरवर नक्षी काढायच्या, रेघेवरून सुईने टोचत जाऊन भोकं पाडायच्या, कागद कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ कापसाच्या बोळ्याने फिरवायच्या. खाली ठिपक्यांची रेघ उमटायची. त्या ठिपक्यांवरून टाका घालत जायचं, आणि कशिदा पुरा झाला की कापड धुवायचं. ती निळी रेघ जाण्यासाठीच होती! कुणी म्हटलं नाही की रंग कच्चा आहे. तेच काम आज फिकट रंगात छापलेली डाय शाई करते. गुंतागुंतीची नक्षी, बारीक अक्षरं, जी टोचून काढायला दोन दुपारी जातील, ती दोन मिनिटांत कापडावर येतात. मग टाके घाला आणि धुवा. तिथे पाण्याबरोबर जाणं हाच शाईचा गुण ठरतो. कच्चा रंग म्हणजे वाईट रंग, असं सरसकट म्हणता येईल का?

साशंक : नाही म्हणता येणार. हे मी मान्य करतो, आणि या दृष्टीने मी कधी विचार केला नव्हता हेही कबूल करतो. प्रोसेस हाऊसमध्ये जाणारा रंग म्हणजे परत आलेला माल. तिथे वाया गेलेल्या रंगाचे तांबडे-निळे ओघळ मी इतकी वर्षं पाहिले, की जाणाऱ्या रंगाचा उपयोग होऊ शकतो हे सुचलं नाही. फक्त एवढं सांगतो, सगळी डाय शाई सारखी निघून जात नाही. सुताने धरलेली थोडी छटा मागे राहू शकते, आणि छापल्यावर चुकून इस्त्री फिरवलीत तर तिची शक्यता वाढते. आधी चिंधीवर बघा. आणि काळी शाई पिगमेंटची असेल तर काळी रेघ अजिबात छापू नका. ती तुमच्या टाक्यांखाली कायमची राहील.

पण मग तुमच्या आजीच्या यादीचं काय? ती तर जाण्यासाठी छापली नव्हती. तुम्ही म्हणालात, गोधडीचा चौकोन. गोधडी म्हणजे घरातलं सगळ्यात जास्त राबणारं पांघरूण. लेकरं तिच्यावर लोळतात, कुणी आजारी पडलं तर तीच अंगावर येते, आणि दिवाळीच्या आधी ती भिजवून, तुडवून, खडकावर आपटून धुतात. आजीचं अक्षर तिच्यात शिवलं की दोन वाटा उरतात. एक, गोधडी धुवायची आणि अक्षर घालवायचं. दोन, गोधडी न धुता कपाटात ठेवायची. पण जी कुणी पांघरत नाही ती गोधडी कसली? ती मग चौकटीतला फोटो झाली. तुम्ही कापड निवडलंत ते कागदापेक्षा ते जवळचं म्हणून, अंगाला लागतं म्हणून. आणि अंगाला लावलं तर ते जातं. हा पेच शाई बदलून सुटणारा नाही. पिगमेंटची शाई चार धुण्यांऐवजी चाळीस धुणी टिकेल असं धरा. पण घासणं आणि ऊन तिलाही सोडत नाही.

हौशी : हा पेच मला पहिल्या धुण्याला कळला. तो चौकोन मी जपून धुतला होता, तरी अक्षरांच्या कडा मऊ झाल्या. भिंगातून पाहिलं तर शाई उभ्या-आडव्या धाग्यांवरून थोडी थोडी सरकली होती. ‘ळ’ची दोन्ही पोटं भरत आली होती. मी घाबरले. मग मी आपल्या आयांनी केलं तेच केलं. जांभळट-काळा दोरा घेतला आणि अक्षरांवरून बारीक धावदोरा, वळणांवर उलटी टीप घालत गेले. ‘धने’ला एक संध्याकाळ गेली. ‘दगडफूल मूठभर’ला तीन. तेलाच्या डागाभोवती पिवळ्या दोऱ्याची एकच रेघ घातली. आता शाई जाईल तेव्हा जाईल. दोरा राहील. गोधडी मुलीच्या अंगावर आहे आणि ती धुतलीही जाते.

एक गोष्ट मात्र त्या तीन संध्याकाळी मला मिळाली, ती नुसत्या छापण्यात मिळाली नव्हती. आजी ‘द’ची गाठ खालून वर घ्यायची. आयुष्यभर तो कागद पाहिला, पण हे मला सुई फिरवताना कळलं. प्रिंटरने मला अक्षर दिलं, सुईने त्या अक्षराची चाल दिली. प्रिंटर नसता तर सुई कुठून फिरवायची हे मला ठरवता आलं नसतं. म्हणून मी त्याला माझ्या कामातून वगळू शकत नाही.

साशंक : म्हणजे शेवटी तुमची छपाई ट्रेसिंगच झाली, फार अचूक ट्रेसिंग. आणि टिकवण्याचं काम हाताने केलं. मला यात माझा विजय दिसत नाही, कारण इथून पुढे एक नवाच प्रश्न उभा राहतो. शाईतलं अक्षर तुमच्या आजीचं होतं. कुठे दाब पडला, कुठे शाई संपत आली आणि दौतीत टाक बुडवला, सगळं त्यात होतं. पण ते जाणारं आहे. दोऱ्यातलं अक्षर राहणारं आहे, पण ते आता पूर्णपणे तिचं नाही. वळण तुमच्या टाक्याच्या लांबीने ठरलं. जिथे तिचा हात थांबला असेल तिथे तुमचा दोरा संपला म्हणून थांबला असेल. तंतोतंत पण जाणारं, आणि टिकणारं पण थोडं बदललेलं : या दोहोंतलं खरं कोणतं?

धंद्यात मी रंग पक्का आहे की कच्चा, एवढंच विचारायचो. तिथे टिकायला काय हवं हे ठरलेलं असायचं : गिऱ्हाइकाने दाखवलेल्या नमुन्याची छटा. तुमच्या कामात टिकायला काय हवं हेच आधी ठरवावं लागतं. अंगावर वापरायचं कापड असेल तर रंग धाग्यात गेला पाहिजे, आणि ते घरच्या प्रिंटरला जमत नाही. तिथे मी हटणार नाही. कशिद्याची रेघ असेल तर रंग गेला पाहिजे, आणि ते त्याला छान जमतं. आठवणीचं कापड असेल तर काय? तिथे माझ्याकडे उत्तर नाही.

हौशी : माझ्याकडेही नाही. दोऱ्याने मी तिचं अक्षर राखलं की त्यावर माझं अक्षर चढवलं, हे मला रात्री शिवताना अनेकदा वाटलं. मग असंही वाटतं की मसाल्याची यादी तिने तिच्या सासूकडून ऐकून लिहिली असणार, आणि ‘मूठभर’ कुणाची मूठ हे तेव्हाच बदललं. मी अजून एक केलं आहे. त्याच स्कॅनवरून दुसरा चौकोन छापला, तो शिवला नाही. त्याची एक पट्टी कापून दर महिन्याला धुते, एक पट्टी खिडकीत उन्हाला ठेवली आहे, तिसरी कपाटात, अंधारात. तिन्हींवर तारीख लिहिली आहे. तुमची कसोटी मी माझ्या घरात लावली आहे, एवढं समजा. वर्षाने आपण तिन्ही पट्ट्या शेजारी ठेवून बोलू.

साशंक : तेव्हा मी भिंग घेऊन येईन. तोवर ज्यांना हे करायचं आहे त्यांना माझं एवढंच सांगणं : छापण्याआधी तुमची शाई डायची आहे की पिगमेंटची हे वाचा. कापडाची खळ काढा. वापरायचं त्याच कापडाची एक पट्टी छापा, सुकवा, धुवा, उन्हात ठेवा आणि तिच्यावर तारीख घाला. पट्टी काय सांगते ते बघून मगच आजीचं अक्षर प्रिंटरला द्या. आणि मूळ कागद फेकू नका. त्याची घडी उलगडून सपाट ठेवा, कोरड्या जागी, उन्हापासून दूर. कापडावरचं सगळं पुन्हा छापता येतं. तो कागद एकच आहे.